वरच्या डोलकाठीचे दोर

शुक्रवार, ३ जानेवारी २०२५ रोजी दुपारी दोनच्या सुमारास प्रेमदास थूलच्या बँक खात्यात अठरा हजार सातशे पन्नास रुपये जमा झाले. तेव्हा तो हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगच्या वजनकाट्यावर बसला होता. काट्यावर कापसाचा मेटॅडोर उभा होता, ड्रायव्हर पावतीसाठी हात पुढे करून होता, आणि प्रेमदास मोबाइलवरचा संदेश पुन्हा पुन्हा वाचत होता. जिनिंगमध्ये त्याला महिन्याला साडेअकरा हजार मिळत. दीड महिन्यापेक्षा जास्त पगार एका ओळीत आलेला पाहून कोणाचाही चेहरा खुलला असता. प्रेमदासने मात्र मोबाइल पालथा ठेवला.

पैसे रूपराव भोयरांनी आगाऊ पाठवले होते. रूपराव मूळचे कापसाचे व्यापारी. हिंगणघाट आणि जाम यांच्या मध्ये हायवेला लागून त्यांनी तीन एकरांत हॉटेल बांधलं होतं आणि ते जहाजाच्या आकाराचं होतं. सिमेंटचा सव्वाशे फूट लांब सांगाडा, त्याच्या पोटात भोजनालय, वर गच्ची म्हणजे डेक. सभोवार तुरीची आणि कपाशीची शेतं. मुंबईचा समुद्र तिथून सातशे किलोमीटरवर. पण नागपूर–हैदराबाद गाड्यांमधल्या लोकांनी लांबून पाहून थांबावं, यासाठी जहाजावर उंच डोलकाठी हवी, तिला आडवे दांडे हवेत, चौकोनी शिडं हवीत आणि दोरांचं जाळं हवं, असं रूपरावांच्या मनाने घेतलं. नागपूरच्या डेकोरेटरने सांगितलेला आकडा ऐकून ते गुपचूप परत आले. मग कोणीतरी त्यांना वजनकाट्यावरच्या कप्तानाचं नाव सांगितलं.

प्रेमदासला सगळे कप्तान म्हणत. तो गिरडकडच्या एका खेड्यातला, मजुराचा मुलगा. बारावीनंतर मुंबईला गेला, गोदीत हमाली केली आणि एका एजंटाच्या मागे लागून परदेशी कंपनीच्या जहाजावर खलाशी झाला. ते पर्यटकांना फिरवणारं जहाज होतं, पण जुन्या पद्धतीचं. तीन डोलकाठ्या, प्रत्येकीवर एकावर एक आडवे दांडे आणि दांड्यांना टांगलेली शिडं. शिडं सोडायची किंवा बांधायची तर माणसांनीच वर चढायचं. प्रेमदासने हे काम नऊ वर्षं केलं. गावी परतल्यावर तो चहाच्या टपरीवर बसून सांगे, की दांड्याखाली एकच दोर असतो, त्यावर पाय ठेवायचे, पोट दांड्याला टेकायचं आणि दोन्ही हात शिडात घालायचे. जहाज एका अंगाला कललं की पायाखाली दीडशे फुटांवर नुसतं पाणी. ऐकणाऱ्यांचा चहा गार होई.

शेवटचा भाग तो सांगत नसे. २००३ सालच्या एका सकाळी, वारा बेताचा आणि आभाळ स्वच्छ असताना, तो वरच्या दांड्यावर गेला आणि त्याचे हात उघडेनात. काही घडलं नव्हतं. कोणी पडलं नव्हतं. दोन्ही मुठी दोराला आवळल्या गेल्या आणि काही केल्या सुटेनात, एवढंच. डोळ्यांसमोर शिडाची शिवण तेवढी उरली. दीड तासाने तिघांनी त्याची बोटं एकेक करून उकलली आणि त्याला दोराने बांधून वासरासारखं खाली सोडलं. पुढचे पाच महिने त्याने जहाजाच्या भटारखान्यात बटाटे सोलले आणि करार संपताच घर गाठलं. तेव्हापासून तो स्वतःच्या घराच्या स्लॅबवरही गेला नव्हता. पाण्याची टाकी कांता, त्याची बायको, धूत असे.

रूपरावांनी विचारलं होतं ते जिनिंगच्या आवारात, दहा माणसांसमोर. "कप्तान, आपल्या जहाजाले डोलकाठी उभी करून देता काय?" दहा जणांनी प्रेमदासकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडून होकार निघून गेला.

"पैसे आले म्हणे," शुक्रवारी संध्याकाळी कांता म्हणाली.

"आले न."

"मंग भाकर काऊन नाई उतरून राह्यली घशाखाली?"

"काम मोठं हाय."

"मोठं हाय का उंच हाय?"

प्रेमदासने ताटातली चटणी बोटाने इकडची तिकडे केली.

"वापस देऊन टाका," कांता म्हणाली. "गुडघा दुखते म्हणा. छप्पन वर्साच्या माणसाचा गुडघा दुखते, कोणी हसत नाई."

"अन् लोकं कप्तान म्हणते, त्याचं काय?"

"त्याची काय पेन्शन भेटते काय जी?"

पैसे त्याने परत केले नाहीत. त्याऐवजी वर न चढता काम कसं पार पाडता येईल, याचा तो आठ दिवस विचार करत राहिला आणि त्याला युक्ती सुचली. डोलकाठी आधी उभी करून मग दोर बांधायचे, ही नेहमीची रीत. त्याने डोलकाठी हॉटेलच्या मागच्या आवारात लाकडी घोडे मांडून त्यांवर आडवी ठेवली आणि सगळी बांधणी जमिनीवरच केली. खालचा तीस फुटांचा भाग लोखंडी पाइपाचा. त्याच्या माथ्यावर फळ्यांचं छोटं मचाण. मचाणातून वर निघणारा वीस फुटांचा भाग सागवानी, आणि तो मुख्यतः दोरांच्याच आधाराने उभा राहणारा. मंडपाच्या खांबाला चारी बाजूंनी तणावे असतात तसे या वरच्या डोलकाठीला डावीकडून तीन आणि उजवीकडून तीन दोर. त्यांची खालची टोकं मचाणाच्या कडेला लाकडी खुंट्यांना बांधलेली. सगळं बांधून झाल्यावर जामहून हायड्रा क्रेन बोलावून डोलकाठी उचलायची आणि डेकवर रोवायची. रूपराव खूश झाले. "डोकं पाहा कप्तानाचं," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

दोरांच्या बाबतीत एक गोष्ट घडली. नायलॉनचा दोर निम्म्यातच संपला. उरलेल्या बांधणीसाठी रूपरावांनी सुताचा पांढराशुभ्र दोर मुद्दाम वळून आणला. "कापसाच्या मुलखातलं जहाज हाय, कापूस दिसला पायजे," असं त्यांचं म्हणणं. तो दोर त्यांनी डाव्या बाजूला लावायला सांगितला, कारण हायवेवरून तीच बाजू दिसत होती. प्रेमदासने मान डोलावली.

१९ जानेवारीला डोलकाठी उभी राहिली. पाहायला शंभरेक माणसं जमली होती. क्रेनचा हूक सुटला, आणि प्रेमदासने इतके दिवस टाळलेली गोष्ट समोर आली. आडव्या डोलकाठीवर बांधलेले दोर ती उभी राहिल्यावर बदलतात. काही ढिले पडतात, काही ओढ घेतात. वर मचाणावर जाऊन, एकेका दोरावर हात ठेवून, दोन्ही बाजूंचा ताण सारखा करावा लागतो. ज्याने बांधणी केली त्याचंच हे काम.

"गुडघा लचकला," तो म्हणाला. "तानबा, तू जा."

तानबा हा मंडपवाला. वय पंचेचाळीस, अंगाने काटकुळा, गालात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. मंडपाच्या चाळीस फुटी लाकडी बल्लीवर तो चपला न काढता चढायचा. शिडं बांधायला रूपरावांनी त्यालाच रोजाने लावलं होतं. दोराच्या शिडीवरून तो सरसर वर गेला आणि मचाणावरून वाकून म्हणाला, "कप्तान, तुमच्या समुद्रात खर्रा भेटत होता काय?"

"तू दोर पाह्य आधी."

"पाह्यतो न. घट्ट करू?"

"बराबर कर."

तानबाच्या हाताला मंडपाची सवय. मंडपाचा तणावा तारेसारखा वाजला पाहिजे. त्याने सहाही दोर तसेच आवळले. प्रेमदास खाली उभा राहून गच्चीवर पडलेल्या दोरांच्या सावल्या पाहत होता. सावल्या पट्टीने आखल्यासारख्या सरळ होत्या. जहाजावर पहिल्याच वर्षी त्याला शिकवलं होतं, की सुताचा दोर पाणी प्यायला की आखडतो आणि नायलॉनचा आखडत नाही, म्हणून सुताच्या दोराला चार बोटं ढील ठेवायची. हे त्याला त्या क्षणी लख्ख आठवलं. पण किती ढील, कोणत्या दोराला, हे खालून ओरडून सांगता येण्यासारखं नव्हतं. त्यासाठी वर जायला हवं होतं. त्याने आभाळाकडे पाहिलं. जानेवारीचं आभाळ, ढगाचा टिपूस नाही.

"बराबर हाय," तो म्हणाला. "उतर."

पुढचे पाच दिवस त्याने हवामानाचा अंदाज दिवसातून सात-आठ वेळा पाहिला. काट्यावर त्याच्याकडून दोन पावत्या चुकल्या. चोवीस तारखेपर्यंत पावसाची शक्यता शून्य दाखवत होती. उद्घाटन सव्वीस जानेवारीला होतं. पाहुण्यांनी फीत कापली की वर बसलेला तानबा बंद सोडणार आणि तिन्ही शिडं एकदम खाली उलगडणार, असा बेत होता. एवढं पार पडलं की आपण वर जायचं, दोर ढिले करायचे, नाहीतर कोणाला तरी खरं सांगायचं, असं तो स्वतःशी म्हणत राहिला.

पंचवीस तारखेला सकाळी नऊ वाजता रंगीत तालीम ठेवली होती. प्रेमदास पावणेनऊला मोपेडवरून पोचला आणि फाटकातच थांबला. जहाजाच्या कठड्यावरून पाणी ठिबकत होतं. गच्चीवर डबकी साचली होती. समोर पाण्याचा टँकर उभा होता आणि माणूस पाइप गुंडाळत होता.

"या कप्तान," रूपराव वरूनच म्हणाले. "हायवेची धूळ बसली होती सगळी. सकाळी सहापासून धुतलं. दोर पाहा कसे चमकून राह्यले."

प्रेमदासने दोरांकडे पाहिलं. तेवढ्यापुरता तो वर पाहण्याची भीती विसरला. डावीकडचे तिन्ही पांढरे दोर भिजून तट्ट ओढले गेले होते. वरची सागवानी डोलकाठी डावीकडे वाकली होती, अगदी थोडी, ज्याला ठाऊक नाही त्याला दिसणार नाही इतकी. आणि तिच्या वरच्या दांड्याखालच्या दोरावर पाय ठेवून तानबा शिडाचे बंद तपासत होता.

"तानबा, उतर." वर ऐकू गेलं नाही. त्याने पुन्हा म्हटलं. "तानबा, लवकर उतर."

"आत्ताच तं चढलो जी."

वरून कर्र असा आवाज आला, वाळलेली फांदी वाकवल्यासारखा. डोलकाठी आणखी वीतभर डावीकडे गेली. आडव्या दांड्याची कडी अडकली, दांडा तिरका फिरला आणि त्याच्या व डोलकाठीच्या मध्ये तानबाचा डावा हात सापडला. तानबा ओरडला नाही. हलक्या आवाजात, जवळच्या माणसाशी बोलावं तसं, "कप्तान," एवढंच म्हणाला.

खाली एकच गोंधळ उडाला. रूपराव म्हणाले, "कापा तो दोर. स्वयंपाकघरातून सुरी आणा कोणी."

"कापू नका," प्रेमदास म्हणाला. "एकदम सुटला तं डोलकाठी उलटी फेकन त्याले. बोटं-बोटं ढील द्या लागते. तिन्ही दोरांले, पाळीपाळीनं."

"हायड्रा बोलावला. तो जामच्या पलीकडं काम करून राह्यला. तास लागन."

सगळ्यांनी वर पाहिलं. तानबा एका दोरावर उभा होता. हात अडकलेला होता. तासभर तो तसा उभा राहणार नाही आणि भोवळ आली तर त्या हातानेच लोंबकळेल, हे लहान मुलालाही कळलं असतं.

"हे कोणाले जमते?" रूपरावांनी विचारलं आणि विचारतानाच ते प्रेमदासकडे वळले. सगळेच वळले.

कठड्याला कमरेचा एकच सुरक्षापट्टा टांगलेला होता. खाज येते म्हणून तानबा तो कधी लावत नसे. वर जाऊन तो तानबाला लावावा, हे प्रेमदासच्या मनात आलं. त्याने तो स्वतःच्या कमरेला बांधला.

शिडीला बेचाळीस पायऱ्या होत्या. त्यानेच बांधल्या होत्या. त्या तो मोजत चढला. सहाव्या पायरीला तळहात घामाने निसटू लागले. अकराव्या पायरीला शिडी हलली आणि त्याने डोळे मिटले. मिटल्यावर जास्तच वाईट झालं, सगळं फिरू लागलं, म्हणून उघडले. नाकासमोर दोराचे पीळ होते, ओले, त्यांना सरकीचा कण चिकटलेला. अठराव्या पायरीला तो थांबला. उजवा हात पुढे जाईना. खालून कोणीतरी म्हणालं, "थांबला काऊन?" आणि त्याच वेळी वरून तानबाचा आवाज आला.

"कप्तान, गुडघा कसा हाय?"

"बरा हाय."

"मले माहीत हाय जी. तुमी वर पाह्यतच नाई. दोराच्या सावलीले पाहून काम सांगता." त्याला धाप लागत होती. "घरी बायकोले सांगतलं म्या. बाकी कोणाले नाई. या हळूहळू. मी कुठी चाललो?"

प्रेमदासचा हात सुटला. एकोणीस, वीस. बेचाळिसाव्या पायरीनंतर तो मचाणाच्या फळ्यांवर पोटावर सरकत गेला, पट्ट्याचा हूक कडीत अडकवला आणि तसाच पडून राहिला.

सुताच्या गाठी भिजून फुगल्या होत्या, नखाने उकलत नव्हत्या. त्याने खिशातून लोखंडी दाभण काढून पहिल्या गाठीत खुपसला. गाठ ढिली झाली. दोराचा एक वेढा खुंटीवर ठेवून त्याने दोन बोटं ढील सोडली. डोलकाठी कुरकुरली आणि किंचित सरळ झाली. दोर सोडताना एका हाताने ओढ धरायची आणि दुसऱ्याने वेढा सांभाळायचा, असं हे दोन हातांचं काम. पण प्रेमदासचा डावा हात मचाणाच्या कडीला धरून होता आणि तो सुटत नव्हता. कमरेला पट्टा होता, पट्ट्याला हूक होता, तरी सुटत नव्हता. दुसरा दोर त्याने एका हातानेच सोडायला घेतला.

वेढा खुंटीवरून घसरला. दीड वीत दोर एकदम सुटला. डोलकाठीने हिसका दिला, दांडा मागे-पुढे झाला आणि तानबा ओरडला. ती आरोळी फाटकाबाहेर, हायवेवरच्या टपरीपर्यंत ऐकू गेली. प्रेमदासच्या गालावर वरून रक्ताचे थेंब पडले. गरम.

तेव्हा त्याने डाव्या हाताची बोटं दातांनी सोडवली. आधी करंगळी चावून, मग तिच्याजवळचं बोट. हात कडीवरून निघाला. तिसरा दोर त्याने दोन्ही हातांनी सोडला, दोन-दोन बोटं, आणि प्रत्येक वेळी "सांग" म्हणत राहिला. वरून तानबा "आनखी" म्हणे, "आनखी" म्हणे. मग तो एकदम म्हणाला, "सुटला."

तानबा एका हाताने मचाणावर उतरला. चेहरा पांढराफटक, गालात खर्रा तसाच. "चला," तो म्हणाला.

"तू जा."

"अन् तुमी?"

प्रेमदासने मान हलवली. त्याचे दोन्ही हात पुन्हा कडीला आवळले गेले होते.

तानबाला खालून चढलेल्या दोघांनी पाय धरून उतरवलं. प्रेमदास वरच राहिला. हायड्रा साडेदहाला आला. तोवर फाटकाशी गर्दी झाली होती, बस थांबवून लोक उतरले होते, मोबाइल उंचावून चित्रीकरण चाललं होतं. क्रेनच्या दोरीला लोंबकळत कप्तान खाली आला तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते आणि पँट ओली होती. कांता तिथे पोचली होती. तिने आपली शाल त्याच्या कमरेला गुंडाळली आणि रूपरावांच्या गाडीत त्याला बसवलं.

हिंगणघाटच्या दवाखान्यात तानबाच्या मधल्या बोटाचं पेर काढावं लागलं. डॉक्टरांनी सांगितलं की पहिल्या दाबात हाड चिरलं होतं, ते जुळलं असतं. दुसऱ्या हिसक्यात चेंदा झाला. प्रेमदास संध्याकाळी खाटेशेजारी स्टुलावर बसला.

"सुताचा दोर भिजला की आखडते, मले माहीत होतं," तो म्हणाला. "एकोणीस तारखेलेच माहीत होतं. वर या लागलं असतं म्हणून बोललो नाई."

तानबाने पट्टी बांधलेला हात पोटावर घेतला.

"मले सांगायचं न जी तवाच," तो म्हणाला. "म्याच ढिले केले असते. तुमाले कोण चढाले लावत होतं?"

प्रेमदास उठून बाहेर व्हरांड्यात गेला आणि पुन्हा येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन झालं, शिडं न सोडता. फेब्रुवारीत रूपरावांनी वरची सागवानी डोलकाठी उतरवून टाकली आणि लोखंडी पाइपावर दिव्यांच्या माळा लावल्या. गाड्या थांबतात. प्रेमदास वजनकाट्यावर आहे. तानबा मंडप बांधतो, पट्टा लावून, आणि गाठीला आता त्याला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

दवाखान्याचा खर्च रूपरावांनी भरला. नंतरच्या पट्ट्या आणि औषधं तानबाने स्वतःच्या खिशातून आणली. त्यांची बिलं एक हजार दोनशे चाळीस रुपयांची झाली. ती आपण देतो असं प्रेमदासने सांगितलं होतं. नऊशे रुपये दिले. तीनशे चाळीस रुपये द्यायचे बाकी आहेत.